घटीचा हिशेब

नरहरी सोनारांचा सोनारकामाचे रूपक असलेला अभंग मी एकोणतीस वर्षे शिकवला. देह, मन, बुद्धी, विवेक यांना शेगडीपासून तराजूपर्यंत एकेक हत्यार नेमून देणारी ती रचना पदवीच्या वर्गाला सांगायला सोपी असते. फळ्यावर दोन रकाने आखावेत, डावीकडे हत्यार आणि उजवीकडे अर्थ लिहावा, तास संपतो. त्या अभंगात सोन्याची चोरीसुद्धा आहे, आणि ती रामनामाची असल्यामुळे वर्गात नेहमी थोडा हशा पिकतो. मी सोनाराच्या घरातला. त्यामुळे हत्यारांची नावे मला कोशात पाहावी लागत नसत आणि त्याचा मला किंचित गर्वही होता. एक गोष्ट मात्र एकोणतीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नाही. त्या सगळ्या सरंजामात झारा नाही.

झारा म्हटल्यावर आज पुऱ्या तळायचा झारा आठवतो. आमच्या घरात हा शब्द दुकानातल्या केराला होता. सोन्याला कानस लावली की कीस पडतो. त्यातला बराचसा पाटावरच्या कातड्यात गोळा होतो, थोडा बोटांना लागतो, थोडा धोतराला, आणि उरलेला शेगडीच्या राखेत नि सारवलेल्या जमिनीवर पडून दिसेनासा होतो. म्हणून सोनाराच्या दुकानातला केर उकिरड्यावर जात नाही आणि हात धुतलेले पाणीही एका वेगळ्या घंगाळात साठवतात. वर्षाकाठी झारेकरी येई, केराची रक्कम ठरवून तो विकत घेई आणि नदीवर नेऊन धूत बसे. (मोल्सवर्थच्या कोशात 'झारेकरी' सापडतो. आमच्या अभ्यासक्रमात तो कधी सापडला नाही.) दिलेले सोने आणि दागिन्यात परत आलेले सोने यांच्यातल्या फरकाला घट म्हणत. कामाचा प्रकार पाहून ठरावीक घट कारागिराला माफ असे. त्यापुढची घट त्याच्या नावावर चढे.

आता 1963 सालची हकीकत. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास मनाई झाली. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. आमच्या नाशिकच्या सराफ बाजारात त्यांचे नाव कोणत्या सुरात घेतले जाई ते इथे लिहिण्याजोगे नाही. देशभर अनेक सोनारांचा धंदा बसला, काहींनी जीव दिला. चौदा कॅरटची अट 1966 साली गेली, 1968 साली नियंत्रणाचा कायदाच झाला आणि तो 1990 साली रद्द झाला. पण 1963 च्या त्या आठ-नऊ महिन्यांत आमच्या दुकानात जे घडले ते कोणत्याही दुरुस्तीने परत आले नाही.

आजोबांकडे, म्हणजे अण्णांकडे, दोन कारागीर होते. त्यांतला थोरला अठरा वर्षे आमच्याकडे बसत होता. त्याचे नाव इथे देत नाही. माझ्या मुंजीतली भिकबाळी त्याच्या हातची, आणि त्याचा मुलगा शाळेत माझ्याच बाकावर बसे. त्या वर्षी त्याची घट वाढू लागली. चौदा कॅरटचे सोने कठीण, त्यावर हात बसलेला नाही, सांधा तडकतो, पुन्हा गाळावे लागते, पुन्हा कानस लावावी लागते, असे तो सांगे. अण्णा ऐकून घेत आणि चोपडीत आकडा लिहीत. पुढे त्यांनी त्याच्या पाटाभोवतीचा केर वेगळ्या डब्यात साठवायला सुरुवात केली. दसऱ्याच्या आधी घट एकोणीस माशांवर गेली, आजच्या मापाने साधारण साडेअठरा ग्रॅम.

तेव्हा अण्णांनी एक परीक्षा योजली. केर विकायचा नाही. झारेकऱ्याने तो आमच्याच मागच्या अंगणात, आमच्या देखत धुवायचा. कारागीर खरे बोलत असेल तर त्या केरात एकोणीस मासे सोने निघालेच पाहिजे. झारेकरी सकाळी आला. बरोबर लाकडी काथवट आणि पाऱ्याची कुपी. कुपी अण्णांनी बाहेर ठेवायला लावली. पाऱ्यात सोने दडते, ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुपारपर्यंत धुणे आटोपले पाहिजे असेही सांगितले. मी ओट्यावर बसून पाहत होतो. काथवट गोल फिरे, पाणी काठावरून हलके सांडे, राख जाई, माती जाई, शेवटी तळाशी पिवळी रेघ उरे. झारेकऱ्याचे मनगट मला अजून दिसते. दुपारी तराजू काढला. अकरा मासे भरले.

"आठ मासे कुठं गेले?" अण्णांनी विचारले. प्रश्न कारागिराला होता, पण उत्तर झारेकऱ्याने दिले. "अण्णाशेठ, पाणी बी आपला वाटा घेतंच."

ते उत्तर कोणी मोजले नाही. कदाचित तो त्या दोघांच्या संगनमताचा पुरावाही वाटला असेल. संध्याकाळी कारागीर आपली हत्यारे फडक्यात बांधून निघून गेला. दिवाळीनंतर त्याचा मुलगा शाळेत आला नाही. बाकावर माझ्या शेजारी दुसरा कोणी बसू लागला. घरात यावर पुन्हा चर्चा झाली नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर, 2009 साली, जुन्या चोपड्या माझ्याकडे आल्या, तेव्हा ते पान सापडले. कारागिराच्या नावापुढे अण्णांच्या वळणदार अक्षरात आठ मासे लिहिलेले आहेत आणि खाली आडवी रेघ मारलेली आहे. एवढेच.

निवृत्तीनंतर 2017 पासून मी वर्षातले सात-आठ महिने कॅनडात, एडमंटनला मुलीकडे असतो. शहराच्या मधून नॉर्थ सॅस्कॅचवन नदी वाहते. ती कोलंबिया हिमक्षेत्रातल्या हिमनदीतून निघते आणि तिच्या रेतीत सोने आहे. 1860 च्या दशकात इथे रेती धुवायला आलेल्या टॉम क्लोव्हर नावाच्या माणसावरून शहराच्या एका कडेच्या भागाला आजही क्लोव्हर बार म्हणतात. आता त्यावर कोणी पोट भरत नाही. हौशी म्हातारे मात्र उन्हाळ्यात नदीकाठी बादल्या घेऊन बसलेले दिसतात. त्यांतलेच एक आमच्या शेजारी राहतात. युक्रेनी वंशाचे, जन्मभर नळजोडणीचे काम केलेले, बोलायला कमी. मी सोनाराच्या घरातला आहे हे कळल्यावर त्यांनी मला एका शनिवारी गाडीत घातले आणि नदीवर नेले.

या नदीचे सोने डोळ्यांना दिसते न दिसते इतके बारीक. इथले लोक त्याला पीठ म्हणतात. कण गोल नसतो. चपटी पापडी असते. 0.2 मिलिमीटर रुंद आणि त्याच्या दशांश जाड पापडी धरली तर एका ग्रॅमला अशा सुमारे ऐंशी हजार लागतील. हे गणित मी नदीकाठी पाठीवर ऊन घेत केले. सोने जड, तेव्हा ते तळाशी बसणारच, ही माझी बालपणापासूनची समजूत. शेजाऱ्यांनी थाळीत पाणी घेऊन मला एक पापडी दाखवली. ती पाण्यावर तरंगत होती. सोन्याचा पृष्ठभाग पाण्याला सहज जवळ करत नाही आणि पापडी इतकी हलकी की पाण्याचा ताण तिला तोलून धरतो. त्यांनी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. पापडी बुडाली. आयुष्यभर सोन्याविषयी जे बोललो त्यातले किती या एका थेंबापूर्वीचे, असे तेव्हा मनात आले.

त्यानंतर उपकरण बनवण्याचा नाद लागला. पहिले मी गॅरेजमध्ये पडलेल्या छपराच्या पन्हळीतून केले आणि ते इतके वाईट झाले की त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. दुसरे शेजाऱ्यांच्या मदतीने केले. प्लायवुडची चार फूट लांब, दहा इंच रुंद पन्हळ. तळाशी खरखरीत गालिचाचा तुकडा, त्यावर ताणलेल्या पत्र्याची तिरप्या भोकांची जाळी. वरून पाणी आणि रेती सोडायची. जाळीच्या प्रत्येक काडीमागे पाणी गिरकी घेते, त्या गिरकीत जड कण खाली बसतात, हलकी वाळू उडी मारून पुढे जाते. नदीवर हे चालते. पण इथली नदी हिवाळ्यात गोठते. म्हणून पन्हळीखाली प्लॅस्टिकचे मोठे टब ठेवून, बोटीतले पाणी उपसायचा बारा व्होल्टचा छोटा पंप लावून तेच पाणी फिरत राहील अशी सोय केली. उन्हाळ्यात बादल्यांनी रेती आणायची आणि बाहेर उणे पंचवीस असताना तळघरात धुवायची. मुलीचे म्हणणे असे की बाबांनी निवृत्तीनंतर लिहायला हवे होते. असो.

पहिल्यांदा गालिचा झटकला तेव्हा काळ्या वाळूत इतकी चमक दिसली की मी जिन्यावरून सगळ्यांना हाका मारल्या. शेजाऱ्यांनी भिंगातून पाहिले, मान हलवली आणि विचारले, बाहेर काय गेले? मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी खालच्या टबातली, धुऊन टाकलेली रेती पुन्हा पन्हळीत ओतली. गालिचात पुन्हा सोने आले. तिसऱ्यांदा ओतली. पुन्हा आले, थोडे कमी. गालिचातली चमक पाहून पन्हळीची किंमत करता येत नाही हे मला त्या रात्री कळले, कारण आत मुळात किती होते हेच मला ठाऊक नव्हते.

मग रीतसर चाचणी. शंभर मेशच्या, म्हणजे 0.15 मिलिमीटर भोकाच्या चाळणीवर राहणारे आणि पन्नास मेशमधून, म्हणजे त्याच्या दुप्पट भोकातून, जाणारे शंभर कण मोजून घेतले. शंभर मेशच्याही खाली जाणारे आणखी शंभर वेगळे. ओल्या कुंचल्याच्या टोकाने, काळ्या थाळीत, भिंगाखाली. दुसऱ्या शंभरांना तीन दिवस लागले. एका शिंकेने एकदा अकरा कण गेले. मुलांच्या खेळायच्या खड्ड्यात घालतात ती वाळू आणली, तीत सोने नाही हे आधी दोनदा धुऊन पाहिले, आणि मग हे दोनशे कण तीत मिसळून पन्हळीत सोडले. जाडांतले शहाण्णव परत आले. बारीकांतले अठ्ठावन्न.

बेचाळीस कण कुठे गेले? तळघरात माझ्याशिवाय कोणी नव्हते.

पुढचा दीड हिवाळा त्या बेचाळिसांमागे गेला. कारण शोधताना जे वाचले त्यात एक हिशेब मला फार आवडला. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन पाण्याइतके घटते. त्यामुळे वाळू 2.65 पट असली तरी पाण्यात तिचा भार 1.65 उरतो आणि शुद्ध सोन्याचा 19.3 ऐवजी 18.3. म्हणजे सोने वाळूच्या अकरा पट. पण अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर वाढतो, हा स्टोक्सचा 1851 सालचा नियम. अकराचे वर्गमूळ साधारण 3.3. तेव्हा सोन्याच्या कणाच्या जेमतेम सव्वातीन पट रुंद वाळूचा कणही तितक्याच वेगाने तळ गाठतो, आणि पाण्याला त्या दोघांत भेद करता येत नाही. उपाय एकच, धुण्याआधी चाळणे. एका मापाचे कण एकत्र आले की जडपणाला काही अर्थ उरतो. मी चाळण्या वाढवल्या, पन्हळीचा उतार कमी केला, रेती चमच्याचमच्याने सोडली, पाण्यात साबण घातला. अठ्ठावन्नाचे एकाहत्तर झाले, मग त्र्याऐंशी. त्यापुढे पन्हळ जाईना.

शेवटच्या टप्प्यासाठी इथले हौशी लोक एक सपाट फळी वापरतात. तिला मिलर टेबल म्हणतात. जवळजवळ आडवी, किंचित कललेली. तिच्यावरून पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा वाहतो. काळी वाळू सरकत जाते आणि चपटे सोने खरखरीत पृष्ठभागाला धरून बसते. पृष्ठभाग कशाचा असावा? शाळेच्या फळ्याला देतात त्या काळ्या रंगाचा. मी दुकानातून तो डबा आणला, फळीला दोन हात दिले, वाळू दिली, आणि अभावितपणे बोटाने मध्ये उभी रेघ ओढली, दोन रकाने. तिथे मला काथवट, ओटा आणि अकरा मासे हे सगळे एकदम आठवले. इतके दिवस मी पन्हळीची परीक्षा घेत होतो. अण्णांनी कारागिराची घेतली होती, आणि ज्या धुण्याने घेतली त्या धुण्याची परीक्षा कोणीच घेतली नव्हती.

म्हणून 2023 च्या फेब्रुवारीत ती घेतली. इकडे चौदा कॅरटचा दागिना हा दुकानात सर्रास मिळणारा माल. ज्या कसापायी आमच्याकडे शेगड्या विझल्या तो इथे कोणाला खटकत नाही. एक तुटलेली साखळी विकत घेतली. अण्णांची कानस माझ्याकडे आहे. पाचशे मिलिग्रॅम कीस पाडला. आता मिलिग्रॅम दाखवणारा काटा स्वस्तात मिळतो. अण्णांचा तराजू गुंजेच्या खाली बोलत नसे. कीस राखेत आणि मातीत कालवला, थोडे तेल घातले, कारण कारागिराच्या पाटावर तेल असतेच. मग पन्हळ नाही, फळी नाही, चाळणी नाही, पारा नाही. लाकडी परात आणि पाणी, सकाळपासून दुपारपर्यंत. वाळवून तोलले तेव्हा 318 मिलिग्रॅम भरले.

मी आकड्यांचे सोंग करू इच्छित नाही. अण्णांच्या अंगणात एकोणिसातले अकरा निघाले होते, म्हणजे शंभरातले अठ्ठावन्न. माझ्या तळघरात शंभरातले चौसष्ट. ही जवळीक योगायोगाची असू शकते. माझे मनगट झारेकऱ्याचे नव्हे. त्याने माझ्या निम्म्या वेळात माझ्याहून अधिक काढले असते. शिवाय एकोणीस मासे घटीतले सगळे केरात पोचलेच होते कशावरून? काही धोतरात गेले असेल, काही धुरात, आणि काही खरोखरच कोणाच्या गाठीला. कारागीर निर्दोष होता असे माझ्या प्रयोगातून सिद्ध होत नाही. तो दोषी होता हे अण्णांच्या प्रयोगातून सिद्ध होत नव्हते, इतकेच मला आता ठामपणे म्हणता येते. आणि एक गोष्ट आणखी. बावीस कॅरटचे सोने पाण्याच्या साडेसतरा पटींहून अधिक जड असते. चौदा कॅरटचे साधारण तेरा पट. त्यात तांबे-चांदीचा वाटा मोठा. झारेकऱ्याचा हात जन्मभर जड सोन्यावर बसलेला, आणि त्या वर्षीचा कीस त्याच्याही हाताला नवा होता. राखेबरोबर तो नेहमीपेक्षा अधिक सांडला असणार. कारागीर म्हणत होता की सोने बदलले आहे. झारेकरी म्हणत होता की पाणी वाटा घेते. दोघेही पदार्थविज्ञानच सांगत होते आणि ऐकणाऱ्याला ते सबबीसारखे ऐकू आले.

नाशिकला धाकट्या भावाला फोन करून हे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, अण्णांच्या जागी तू असतास तर?" मी त्याला उत्तर दिले नाही, कारण उत्तर मला माहीत होते. परीक्षेचे पेपर मी एकोणतीस वर्षे तपासले, आणि माझ्या तपासण्याची घट किती हे कधी मोजले नाही. कारागिराच्या मुलाचा शोध घ्यावा का, यावर आम्ही थोडे बोललो. भावाला वाटते की साठ वर्षांनी कोणाच्या दारात जाऊन आकडे सांगणे हा आपल्याच मनाचा चोचला आहे. मला तसे वाटत नाही, पण मी अजून काही केलेलेही नाही. सराफ बाजारातल्या दोन जुन्या माणसांना विचारायला त्याला सांगितले आहे. त्याने एकाला विचारले.

चोपडीचे ते पान मी भ्रमणध्वनीवर टिपून आणले आहे. राहिलेले 182 मिलिग्रॅम सोने त्या दिवशीच्या गढूळ पाण्यात आणि मातीत आहे. ती बादली झाकण लावून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवली आहे. शेजारी म्हणतात की नव्या पन्हळीतून ती एकदा काढून पाहू, रबराच्या चटईचा एक नवा प्रकार त्यांनी आणला आहे. दर वसंतात मुलगी गॅरेज आवरते आणि ती बादली ओतून टाकू का म्हणून विचारते.